फलकावरच्या बाई

११ जानेवारी २००३, शनिवार

जयवंतशी कडाक्याचं भांडण झालं. माणूस म्हणून सरळ आहे माझा नवरा, पण चांगल्या गोष्टीत खोड काढल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही.

झालं असं की आज आम्ही 'सेवांगण'चं ऑफिस बघून आलो. स्टेशनच्या पूर्वेला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तीन इमारती होणार आहेत. त्यातली ए विंग शिक्षक, नर्स, पोलीस आणि फायर ब्रिगेडवाल्यांसाठी राखून ठेवली आहे. आम्हाला किमतीत पाचवा हिस्सा सूट. बी आणि सी विंग बाकीच्या जनतेला, पूर्ण भावाने. योजनेचं नाव 'राष्ट्रसेवक घरकुल'. बुकिंग बघणारा भावेश नावाचा गोडबोल्या मुलगा आहे. मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही देश घडवता. शेठ म्हणतात, यांना नाही द्यायची सूट तर कोणाला?" अट एकच, जाहिरातीसाठी एक फोटो द्यायचा.

परत येताना रिक्षात जयवंत म्हणतो, "पण तो का देतोय?"

माझं डोकंच फिरलं. जनगणना आली की शिक्षक, निवडणूक आली की शिक्षक, पोलिओचे थेंब पाजायला शिक्षक. पाच सप्टेंबरला एक नारळ आणि एक गुलाब, तोही देठ मोडलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी उपयोगाचं काहीतरी देतंय, तर म्हणे का देतोय! मी म्हटलं, "आयुष्यभर भालचंद्रकाकांच्या चाळीत राहायचंय का? संडासाच्या रांगेत माझ्याच वर्गातली पोरं मला गुड मॉर्निंग म्हणतात." रिक्षावाला हसला. त्यालाही सुनावलं.

घर पाहिजे मला. स्वतःचं, दार लावलं की आतून गप्प होणारं. बाकी मला काही नको.

९ फेब्रुवारी, रविवार

फोटो काढला. काय थट्टा चालवली होती!

फोटोवाला म्हणाला, "मॅडम शिक्षिका वाटत नाहीत." पंधरा वर्षं मी मराठी शाळेत पोरं हाकते आहे आणि हा मला सांगणार मी काय वाटते! मग भावेशने टेबलाच्या खणातून एक चष्मा काढला. माझी नजर कावळ्यासारखी आहे, शेवटच्या बाकावरची चिठ्ठीसुद्धा दिसते मला. तरी घातला. काचा साध्याच होत्या. हातात खडू दिला आणि म्हणाले, हसा.

माझ्या बाजूला फायर ब्रिगेडचा एक माणूस होता, व्हॅलेरियन. इथल्याच राजोडी गावचा. त्याला पिवळं हेल्मेट घातलं होतं. तो माझ्या कानाशी म्हणाला, "टीचर, हे हेल्मेट गवंड्याचं हाय. आग लागली तर पयलं हेच वितळेल." मला हसू फुटलं आणि तोच फोटो निघाला.

व्हॅलेरियनचं घर तीन भावांत वाटलं गेलंय, त्याच्या वाट्याला ओटी आलीय. बायको, दोन मुली, आणि ओटी. सूट मिळाली म्हणून तो रोज चर्चमध्ये मेणबत्ती लावतो. बघा, असा असतो कृतज्ञ माणूस. जयवंतला सांगितलं तर तो फक्त हूं म्हणाला.

२ एप्रिल, बुधवार. पाडवा

आमचा फलक लागलाय. हायवेला चिंचोटीच्या फाट्यावर एक, स्टेशनबाहेर एक आणि साइटवर एक. मी केवढी मोठी! माझा एक कान आमच्या दाराएवढा आहे. खाली लिहिलंय, 'ज्यांच्यावर तुमचा विश्वास, त्यांचा सेवांगणवर विश्वास'. मोहक लिहिलंय.

काल शाळेत नुसती धमाल. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी बघितला. पालक तर काय, फाटकापाशी घोळका करून उभे. तसे ते मला सगळंच विचारतात. पोराला कांजिण्या आल्या, बाईंना विचार. कोणत्या बँकेत खातं काढू, बाईंना विचार. गावाहून आलेली माणसं ही, कोणी रत्नागिरीचं, कोणी साताऱ्याकडचं. इथे ना भाऊ ना भावकी. ओळखीचं, शिकलेलं असं माणूस म्हणजे पोराची बाई. मला आवडतं ते. खोटं कशाला लिहू?

आज सुट्टी, तरी आर्याचे वडील घरी आले होते. आर्या माझ्या तिसरीतली हुशार मुलगी, पाढे असे म्हणते की नळ सोडावा. पुढच्या वर्षी चौथीच्या स्कॉलरशिपला तिला बसवणारच आहे. वडील जितेश, टेम्पो चालवतात. हातात टोपी धरून म्हणाले, "बाई, बी विंगला घेऊ का? थोडं ओढाताणीचं आहे. पण तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हटलं, "मी घेतलंय. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा."

यापेक्षा चोख उत्तर कोणी देईल का? घ्या म्हटलं नाही, नको म्हटलं नाही.

संध्याकाळी भावेशने पेढे पाठवले. सोबत निरोप, "मॅडमच्या पायगुणाने बी विंग भरत आली." त्या मुलाला बोलायची रीत आहे.

१२ जुलै, शनिवार

वर्ग चौथीत आला, मीही त्यांच्याबरोबर वर आले आणि सगळा वर्ग बिघडला. विशेषतः आर्या. चक्क बाकावर डोकं ठेवून झोपते. आज खडू फेकून मारला. दचकून उठली आणि तिने सतराचा पाढा म्हणायला सुरुवात केली. कोणी विचारलाच नव्हता. पोरं हसली. मीही हसले, मग चिडले. फ्रॉक आखूड झालाय, हाताची बोटं गोंदाने चिकट. घरी काय चालतं कोण जाणे. आईबाप टीव्ही लावून बसत असणार.

आमची ए विंग चौथ्या मजल्यावर पोचली. बी आणि सी अजून जोत्यापाशीच. पालक मला अडवून विचारतात, "बाई, आमचं कधी?" मी काय गवंडी आहे? प्रत्येकाला सांगते, भावेशला विचारा. म्हणतात, "तो म्हणतो बाईंना विचारा, त्यांना माहीत आहे." त्या मुलाचीही कमाल आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली आणि भालचंद्रकाकांनी बॉम्ब फोडला. मुलाचं लग्न ठरलंय, मेमध्ये बार उडवायचा आहे, आमची खोली त्याला हवी. काका माणूस गोड. गिरीजला वाडी आहे त्यांची, केळी-नारळाची, आणि चाळ ही जोडधंदा. येताना केळ्यांचा घड घेऊन आले होते. "विनयाताई, मे अखेरपर्यंत बघा. तुमचा ब्लॉक तयारच होतोय की."

घड माझ्या हातात ठेवून खोली काढून घेतली. वर गोड केळी. चीड आली ती आली, पण बोलणार काय? ब्लॉक तयार होतोय हे खरंच आहे. ए विंगला बाहेरून रंग लागलाय, बदामी.

बी विंगच्या जोत्यावर मात्र बकऱ्या चरतात. नुसत्या सळया वर आल्यात. येताजाता तिथे चार माणसं उभी असतात आणि बघत बसतात. मला बघितलं की बोलणं थांबवतात. हेवा, दुसरं काय? आपल्याला सूट नाही, यांना आहे. मी मान वर करून जाते.

२१ फेब्रुवारी २००४, शनिवार

काय लिहू आणि कुठून लिहू.

आर्या महिन्यापासून शाळेत नाही. स्कॉलरशिपची परीक्षा तोंडावर आलीय आणि माझी सगळ्यात भरवशाची पोरगी गायब. दोनदा निरोप धाडले. उत्तर नाही. आमच्या शाळेची पद्धत आहे, मूल फार दिवस आलं नाही तर वर्गशिक्षिकेने घरी जायचं. म्हणून आज शाळा सुटल्यावर गेले. जाताना रस्ताभर मनात भाषण तयार करत होते. पोरीच्या आयुष्याचं वाटोळं, पालकांचा बेजबाबदारपणा, सगळं.

खोली एका गाळ्याच्या मागे, पत्र्याची. आर्याची आई जमिनीवर बसून पुठ्ठ्यावर मांडलेल्या कानातल्यांना खडे चिकटवत होती. समोर ढीग. मला बघून पदर सावरत उठली आणि खाट पुसली. मी बसले नाही. उभ्यानेच सुरू केलं, "आर्या कुठे आहे? तुम्हाला पोरीची काही काळजी?"

ती म्हणाली, "मामाकडे पाठवली बाई, संगमेश्वरला. इथे झेपेना. खोलीचं भाडं आणि ब्लॉकचा हप्ता, दोन्ही भरायचं म्हणजे... ती माझ्यासंगं खडे लावायची उशिरापर्यंत. मग शाळेत झोपायची. तुम्ही मारलंत तेव्हा रडली नाही, पण बाई रागावल्या म्हणून जेवली नाही."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि वर बघितलं.

वर मी होते. पत्र्याखाली सगळीकडे फ्लेक्स ताणून बांधला होता, आणि खाटेच्या नेमका वर माझा चेहरा. चष्मा लावून हसणारा. दाराएवढा कान.

तिने माझी नजर बघितली. म्हणाली, "दिवाळीत नवीन फलक लावला ना, जुना साइटवर पडलेला. बांधकामाचं विचारायला गेले होते, तेव्हा वॉचमनने दिला. पत्रा गळतो. वरच्या बाजूने लावणार होतो, पण आर्या म्हणाली बाई आत पाहिजेत. म्हणायची, बाई बघतायत म्हटलं की झोप येत नाही."

मी भाषण विसरले. पाणी दिलं ते प्यायले. निघताना तिने केवढ्या अदबीने विचारलं, "बाई, आमचं कधी होणार हो?"

मी चपला घातल्या आणि निघून आले.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून मला जितेशचा राग येतोय. हो, त्याचाच. मी सांगितलं होतं का त्याला घे म्हणून? शब्द न् शब्द आठवतोय मला. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा, असं म्हटलं होतं मी. मोठा माणूस आहे, टेम्पो चालवतो, चार रस्ते बघून गाडी घालतो. घर घेताना डोळे कुठे गेले होते? उद्या म्हणाल बाईंनी शिंक दिली म्हणून आम्ही विहिरीत उडी मारली!

हे सगळं मी जयवंतला मोठ्याने ऐकवलं. तो कपड्यांना इस्त्री करत होता. म्हणाला, "तू सांगितलं नव्हतंस. तू नुसती हसली होतीस."

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. आमचं स्वयंपाकघर म्हणजे पडद्यामागची तीन फूट जागा. आपटायलाही जागा नाही.

६ मार्च, शनिवार

भावेशकडे गेले. म्हटलं, आज याची शाळा घेते.

मी खुर्चीवर बसायच्या आतच तो म्हणाला, "बरं झालं आलात. पाडव्याला चावी वाटप! स्टेज, सनई, शेठ स्वतः. तुमच्या हातात पहिली चावी. फोटो घ्यायचा आहे, नवीन फलकासाठी. चिंचोटीला 'सेवांगण दोन' येतंय ना."

"आणि बी विंग?"

"होईल ना मॅडम. दोनचं बुकिंग आलं की बी विंगला सिमेंट येईल."

म्हणजे चिंचोटीची माणसं पैसे भरणार, तेव्हा जितेशची भिंत उभी राहणार. आणि चिंचोटीवाल्यांची? त्यासाठी सेवांगण तीन. मी गणित शिकवते, मला हातचा कळतो.

मी म्हटलं, "मला चावी द्या. कार्यक्रमाला मी येणार नाही, फोटोही नाही."

तो हसला. वाईट हसला असं नाही, लहान मुलाला समजवावं तसा हसला. "मॅडम, सूट कसली वाटली तुम्हाला? शिकवता त्याची? शेठनी कधी तुमचं शिकवणं बघितलंय? फोटोचीच सूट आहे ती. एवढ्या पैशात हिरोईन आली असती, पण हिरोईनवर कोणी घर घेत नाही. बाईंवर घेतं."

चपलेने मारावंसं वाटलं. मारलं नाही. कारण तो खोटं बोलत नव्हता. वर्षभर सगळं माझ्या तोंडावर सांगत होता. पेढ्यांबरोबर निरोप आला होता, तो मी हसत वाचला होता.

२० मार्च, शनिवार

उद्या पाडवा. जयवंत म्हणतो, "चावी घे, विनया. तू नाही गेलीस म्हणून बी विंग उभी राहणार आहे का? नाही ना? मग आपण रस्त्यावर यायचं कशासाठी?" त्याचं चूक नाही. जो माणूस का देतोय म्हणून विचारत होता तोच आज घे म्हणतोय. मेनंतर जायचं कुठे?

व्हॅलेरियन रस्त्यात भेटला. त्याला विचारलं. म्हणाला, "मी घेनार चावी. माज्या पोरी ओटीवर झोपतात, येनारेजानारे बगतात. लाज वाटते टीचर, पन घर नसन्याची जास्त वाटते."

मीही घेणार. ठरलं. इस्त्रीची साडी काढून ठेवलीय.

२१ मार्च, रविवार. पाडवा

चावी घ्यायलाच गेले होते. हे इथे तरी खरं लिहिते. उद्या कोणी विचारलं तर मी म्हणेन आधीच ठरवलं होतं, पण नव्हतं ठरवलं.

ए विंगपुढे मांडव, सनईची कॅसेट. बी विंगचे लोक दोरीच्या पलीकडे उभे होते, माझ्याच शाळेचे पालक कितीतरी. कोणी घोषणा दिल्या नाहीत. नुसते उभे. जितेश मागे, टोपी हातात धरून. अजून टोपी हातात! त्याचाच जास्त राग आला. अरे, घाल ती डोक्यावर.

माझं नाव पुकारलं. चढले. शेठच्या हातात ताट, ताटात लाल रिबीन बांधलेली चावी. माझी चावी. दुसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकीतून खाडी दिसते. मी पडद्याचं कापडही बघून ठेवलं होतं.

फोटोवाला पुढे आला. त्याच फोटोवाल्याने खिशातून तोच चष्मा काढला.

"मॅडम, हा घाला. लोक तुम्हाला याच्यातच ओळखतात."

तोपर्यंत सगळं गिळलं होतं मी. चष्मा नाही गिळता आला. मी तो हातात घेतला, ताटात चावीशेजारी ठेवला आणि म्हटलं, "हा माझा नाही. माझे डोळे चांगले आहेत." माइक चालू होता हे मला माहीत नव्हतं. मग स्टेजवरून उतरले. चावी ताटातच राहिली. उतरल्यावर वाटलं, परत जावं, घ्यावी. पाय दोनदा अडखळले. जयवंत खुर्चीवरून उठला आणि माझ्याकडे न बघता फाटकाकडे चालू लागला.

दोरीपलीकडे कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. का वाजवाव्यात? घर त्यांचं गेलंय.

१० एप्रिल, शनिवार

अपेक्षेप्रमाणे झालं. सूट रद्द. पूर्ण भावाने घ्या, नाहीतर भरलेले पैसे परत. परत कधी? "बी विंगवाल्यांच्या वेळेला." पूर्ण भाव आम्हाला झेपत नाही हे शेठला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. माझ्या घरात आता एक पोलीस राहायला येतोय म्हणे, सूट घेऊन. फोटो चांगला येत असणार त्याचा.

जयवंत बोलत नाही. डबा घेतो, जातो, येतो, जेवतो. आज भाजीत मीठ नव्हतं तरी बोलला नाही. त्याने ओरडावं म्हणून मी मुद्दाम घातलं नव्हतं.

संध्याकाळी बी विंगवाल्यांची बैठक होती, देवळाच्या सभामंडपात. गेले. दारातच एक पालक म्हणाले, "बाई, ही सूटवाल्यांची मीटिंग नाही." मी म्हटलं, "माझी सूट गेली. आता मीही पूर्ण भावाची." ते बाजूला झाले. सतरंजीवर आर्याची आई होती. तिने पिशवी उचलून जागा केली.

२३ मे, रविवार

भालचंद्रकाकांनी गिरीजच्या वाडीतली पंपाजवळची खोली दिली, गड्याची होती. वर कौलं, त्यातली निम्मी फुटकी. काका म्हणाले, "पावसाच्या आधी शाकारून देतो." त्यांच्याही घरी लग्नाची गडबड, कसले देतात! जयवंतने सामान लावलं. कपाट भिंतीला टेकवताना पहिल्यांदा बोलला, "इथे दार लावलं की पंप ऐकू येतो." मी हसले. तो नाही हसला, पण बोलला.

आज सकाळी साइटवरचा फलक उतरवला. मोठा, दिवाळीतला, माझ्या तोंडाचा. नवीन लावणार म्हणून ते काढणारच होते, पण मला तो त्यांच्या हातून उतरायला नको होता. व्हॅलेरियन घरची शिडी घेऊन आला. त्याला चावी मिळालीय, पोरी आता आत झोपतात. मी म्हटलं, "तुमचं घर जाईल." तो म्हणाला, "शिडी मी धरतो. शिडी धरायला कोनाची परवानगी लागत नाय. चढायचं तुमी."

आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या वर चढले. साडी खोचून, हातात नारळ सोलायचा कोयता. दोरी कापली तसा माझा अर्धा चेहरा खाली लोंबला आणि मागून बी विंगच्या सळया दिसायला लागल्या. वर्षभर मी त्या झाकून उभी होते. खाली वॉचमन ओरडत होता, व्हॅलेरियन त्याला शांतपणे सांगत होता, "थांब जरा, टीचर पडतील."

बी विंगची माणसं जमली. फ्लेक्स जाड, पावसाळा तोंडावर, आणि बहुतेकांच्या खोल्या पत्र्याच्या. कोयत्यानेच तुकडे केले. कोणाला फलकावरचा 'विश्वास' गेला, कोणाला व्हॅलेरियनचं हेल्मेट, कोणाला माझं कपाळ. भांडणंही झाली. एका बाईला गाल मिळाला तर म्हणे छोटा आहे.

मी आर्याच्या आईला म्हटलं, "तुमच्याकडचा तो जुना तेवढा काढून टाका. मी दुसरा तुकडा देते, कोरा." ती म्हणाली, "नको बाई. पक्का बसलाय. तुम्हाला काढलं तर पाणी येईल."

१ जुलै, गुरुवार

शाळा सुरू झाली. मला नवीन तिसरी मिळाली. हजेरी घेताना मी मध्येच थांबते, कोणाचं तरी नाव यायचं राहिलंय असं वाटतं. आर्याने स्कॉलरशिप दिली नाही. संगमेश्वरला पाचवीत जाते. जितेश सांगत होता, तिथल्या बाईंना ती आवडत नाही, फार उत्तरं देते म्हणे. मला बरं वाटलं.

आमच्या कौलांखाली माझ्या वाट्याचा तुकडा लावलाय. त्यावर माझा चेहरा नाही. नुसतं लिहिलंय, 'आजच संपर्क साधा', आणि खाली ऑफिसचा फोन नंबर, हातभर आकड्यांत. उठताबसता तोच डोळ्यांसमोर. आता पाठ झालाय.

म्हणून आम्ही ठरवलंय. बी विंगचं प्रत्येक घर रोज एक फोन करणार, आपापल्या वेळेला. माझी वेळ मधली सुट्टी, कोपऱ्यावरच्या पीसीओवरून. वकील गाठलाय, पोलिसांत अर्ज दिलाय, ते चालू राहील. पण फोनही चालू राहील.

भावेश आता फोन घेत नाही. नवीन मुलगी बसवलीय. आज मी विचारलं, "बी विंग कधी?" तिने रोजचं सांगितलं, "साहेब बाहेर गेलेत." मग आवाज खाली करून म्हणाली, "मॅडम, तुम्ही रोज तेच विचारता. तुम्हाला कंटाळा नाही येत?"

"बाळ," मी म्हटलं, "मी सोळा वर्षं रोज तेच पाढे म्हणून घेते आहे. उत्तर येईपर्यंत पोराला खाली बसू देत नाही. चल, पुन्हा सांग. बी विंग कधी?"